‘कोरोनाचे दोन हजार’ आलेच नाहीत? पी.एम. किसानचा अडकलेला हप्ता असा सोडवा

एप्रिल २०२०. बँकेच्या दारासमोर फक्कीनं गोल आखले होते. ऊन इतकं, की माणसं लिंबाखाली बसलेली आणि गोलांमध्ये त्यांच्या चपला, पिशव्या, एका ठिकाणी तर नुसतं पासबुक, वर दगड ठेवलेलं. बचत गटाचं दप्तर मी सांभाळते, म्हणून गटातल्या बायकांची पासबुकं भरून आणायला मी त्या रांगेत होते. कुणाचे पाचशे बघायचे होते, कुणाचे दोन हजार. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं. निम्मं गाव तेव्हा ऊसतोडीला गेलेलं, कारखान्यांच्या फडावर अडकून पडलेलं. ज्यांच्या नावावर पैसे यायचे त्यांतले कित्येक गावातच नव्हते.

तेव्हापासून गावात एक शब्द रूढ झाला, ‘कोरोनाचे पैसे’. आणि त्या शब्दानंच लोकांचं नुकसान केलं. ज्यांना ते दोन हजार मिळाले नाहीत त्यांनी मनाशी धरलं, कोरोना गेला, पैसेही गेले. पुढचे हप्तेही कधी आले, कधी थांबले, आणि चौकशी कुणी केलीच नाही. म्हणून कागदांच्या आधी हा घोळ मिटवते.

आधी हे समजून घ्या : ते पैसे नेमके कसले होते

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, केंद्र सरकारनं प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं, १ लाख ७० हजार कोटींचं. त्यात शेतकऱ्यांसाठी जे दोन हजार सांगितले, ते नवीन मदत म्हणून नव्हते. पी.एम. किसान योजनेचा एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच टाकायचा, एवढंच त्यात होतं. म्हणजे तो योजनेचा नेहमीचा, मोजणीनं पाचवा हप्ता.

महिलांच्या जनधन खात्यांवर आलेले पाचशे वेगळे. एप्रिल, मे, जून असे तीनच महिने ते आले. खातं क्रमांकाचा शेवटचा आकडा बघून काढायचे दिवस वाटून दिले होते. विधवा, वृद्ध आणि दिव्यांग पेन्शनवाल्यांना प्रत्येकी एक हजार जास्तीचे दिले, तेही वेगळे. या दोन्ही मदती त्या वेळेपुरत्या होत्या. आज त्यांच्यासाठी अर्ज करायची सोय आहे असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

दोन हजारांचं तसं नाही. पी.एम. किसान चालू योजना आहे. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते : एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. योजनेचा नियम असा, की ज्या चार महिन्यांच्या काळात राज्यानं तुमचं नाव पोर्टलवर चढवलं, त्या काळापासूनचे हप्ते तुमचे. अपात्र ठरला असाल तर गोष्ट वेगळी. पण आधार जुळलं नाही, खातं चुकलं, कागद राहिला अशा कारणानं पैसे थांबले असतील, तर अडचण दूर झाल्यावर ते मिळायला हवेत. हप्ता बुडत नाही, अडकतो. हे वाक्य मी गटाच्या बैठकीत इतक्या वेळा बोलले आहे की बायका आता माझ्या आधी बोलतात.

एक मर्यादा मात्र स्वच्छ सांगते. ज्यांनी त्या वेळी नोंदणीच केली नव्हती आणि आज पहिल्यांदा करताय, त्यांना २०२० चे पैसे मागं जाऊन मिळत नाहीत. त्यांचे हप्ते आजच्या नोंदणीपासून सुरू होतात.

तुम्ही पात्र आहात का

सुरुवातीला योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. २०१९ च्या जूनपासून जमीन कितीही असो, सगळ्या जमीनधारक शेतकरी कुटुंबांना ती लागू झाली. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन आहे म्हणून दोघांनी नोंदणी केली असेल तर पडताळणीत दोघांचंही थांबू शकतं. एकानं आपणहून लाभ सोडायचा. पोर्टलवर तशी सोय आहे.

जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला तुमच्या नावावर असायला हवी. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. वारसानं आलेली चालते. वनहक्काचे पट्टे मिळालेले आदिवासी शेतकरीही यात बसतात, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

कोण बसत नाही : मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेले, सरकारी नोकरीतले व निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन असलेले (इथंही चतुर्थ श्रेणीला सूट), नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आणि आजी-माजी आमदार-खासदार वगैरे पदांवरचे. मुलगा नोकरीला लागला आणि तो सज्ञान आहे, तर त्याच्या पगारानं बापाचा हप्ता बंद होत नाही. ही भीती घालून एका म्हाताऱ्यांना लाभ सोडायला लावलेलं मी पाहिलंय.

आणि बटाईनं, खंडानं करणारे? त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांना हे पैसे नाहीत. लॉकडाऊनमध्ये टरबूज रानातच कुजलं ते ज्याच्या घामाचं होतं त्याला दोन हजार आले नाहीत, बांधाच्या मालकाला आले. हे चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण अर्ज भरताना खोटं मालकीचं काही लिहू नका. पुढे वसुलीची नोटीस येते तेव्हा कुणी सोबतीला येत नाही.

पहिली पायरी : घरातली सगळी पासबुकं एका जागी

ऑनलाइन बघायच्या आधी हे करा. घरातली चालू-बंद सगळी खाती काढा. गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं, रोजगार हमीचं, पीककर्जाचं, जनधनचं, पोस्टाचं, आणि सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन उघडून दिलेलं पेमेंट बँकेचंसुद्धा. या शेवटच्या खात्याचा पत्ता घरात कुणालाच नसतो.

हे का, ते सांगते. आधारवर आधारित पैसे येतात ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर ज्या खात्याला तुमचा आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, शेवटचा जोडला गेला त्या खात्यावर. माणूस जिल्हा बँकेत जाऊन पासबुक भरतो, कोरं निघतं, आणि पैसे दोन वर्षं तिकडं दुसऱ्याच खात्यात जमा होत असतात. आमच्या गटातल्या अकरा जणींच्या घरी मी हे तपासलं, तर तिघींच्या घरी पैसे आलेलेच होते, फक्त कुठं ते ठाऊक नव्हतं.

एप्रिल २०२० चं पासबुक असेल तर जपून ठेवा. बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षं ठेवाव्या लागतात, आणि ती मुदत केव्हाच उलटली. तुमच्या हातातलं जुनं छापील पान हाच कधीकधी एकमेव पुरावा राहतो. नसेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन १ एप्रिल ते ३१ जुलै २०२० चा खाते उतारा मागा. बहुतेक शाखांच्या संगणकात तो निघतो.

दुसरी पायरी : पोर्टलवर स्वतः बघा

पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन हे अधिकृत संकेतस्थळ. तिथं ‘नो युवर स्टेटस’ असा पर्याय आहे. त्यात नोंदणी क्रमांक टाकावा लागतो. क्रमांक माहीत नसेल तर शेजारीच तो शोधायची सोय आहे, मोबाइल नंबर किंवा आधार नंबर टाकून. ओटीपी येतो, आणि मग तुमचं पान उघडतं.

पान उघडलं की सगळ्यात आधी तीन ओळी बघा. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली का), ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी), आणि आधार बँक अकाउंट सीडिंग (आधार बँक खात्याला जोडला का). तिन्हीपुढे ‘यस’ हवं. जिथं ‘नो’ आहे तिथंच तुमचं घोडं अडलंय. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन ओळींवर आहेत, म्हणून या पानाची झेरॉक्स काढून ठेवा. ऑफिसात ‘तुमचं काय होतंय ते बघावं लागेल’ असं म्हणायला वाव राहत नाही.

तिन्ही ‘यस’ आहेत आणि तरी पैसे नाहीत, तर खाली हप्त्याची स्थिती वाचा. ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ लिहिलं असेल तर राज्यानं तुमची यादी सही करून पुढं पाठवली आहे. ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ असेल तर पैसे सोडायचा आदेश निघालाय, बँकेची पोच यायची आहे. या दोन्ही वेळी तुमच्याकडून काही राहिलेलं नसतं, चकरा मारून उपयोग नाही. पेमेंट फेल झालं असेल तर कारण तिथंच लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा बँकेचं असतं.

फोनवर हे जमत नसेल तर गावाची लाभार्थी यादी तरी उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं येतात, ओटीपी लागत नाही. यादीत नाव आहे की नाही एवढं तरी कळतं. चौकशीसाठी १५५२६१ हा हेल्पलाइन नंबर आहे, दुसरा १८००-११५-५२६. ‘किसान ई-मित्र’ नावाची बोलून विचारायची सोयही पोर्टलवर आहे, ती मराठीत उत्तर देते.

व्हॉट्सॲपवर ‘पी.एम. किसान’ नावाची फाइल आली, त्यावर योजनेचं चित्र असलं, तरी ती उघडू नका. ती फोनमध्ये शिरून ओटीपी वाचते आणि खातं रिकामं करते. अॅप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच.

तिसरी पायरी : बँकेतली गाठ

लोक इथंच सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून इथं जरा थांबते.

बँकेत ‘आधार लिंक आहे’ आणि ‘आधार डीबीटीसाठी सीड आहे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, बँकेनं ती नोंदवली, म्हणजे लिंक झालं. पण सरकारी पैसे येण्यासाठी तुमचा आधार राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, यादीत त्या बँकेच्या नावापुढे चढावा लागतो. त्यासाठी वेगळा संमतीचा अर्ज असतो. काउंटरवर ‘आधार लिंक आहे का’ विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं. म्हणून शब्द हेच वापरा : ‘साहेब, एनपीसीआयला मॅपिंग या खात्यावर आहे का?’

बँकेत जायच्या आधी हे घरूनही बघता येतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘माय आधार’मध्ये बँक सीडिंगची स्थिती दिसते, कुठली बँक आणि ती चालू आहे की बंद. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावून आधार नंबर टाकला तरी बँकेचं नाव येतं. जे नाव येईल त्याच बँकेत तुमचे पैसे जात आहेत किंवा तिथूनच परत फिरत आहेत.

२०२० च्या त्या हप्त्याच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. १ एप्रिल २०२० ला सरकारी बँकांचं मोठं विलीनीकरण झालं. सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. देना आणि विजया त्याआधी वर्षभर बडोदा बँकेत गेल्या होत्या. पुढे जुने आयएफएससी, म्हणजे शाखांचे कोड, बंद झाले, काहींचे खाते क्रमांकही बदलले. शेजारच्या मळ्यातल्या आबांचं खातं अशाच एका विलीन झालेल्या बँकेतलं. पासबुक जुनं, कोड जुना, खातं वर्षभर न वापरल्यानं झोपलेलं. त्यांना वाटायचं तलाठ्यानं नाव काढलं. दोन वर्षं तलाठ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी! नवीन पासबुक, केवायसी, सीडिंगचा अर्ज, एवढंच करायचं होतं. आता १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या आहेत. ज्यांची खाती तिथं आहेत त्यांनी पासबुक, कोड आणि मॅपिंग एकदा बघून घ्यावं.

बँकेत नेमकं काय द्यायचं : आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, आणि डीबीटी सीडिंगचा संमती अर्ज. आधी दुसऱ्या बँकेत मॅपिंग असेल तर तिचं नाव अर्जात लिहावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला कुरकुर करतात. हात पुढं करून उभं राहायचं. काही दिवसांनी पुन्हा तोच *९९*९९*१# लावून बघायचं, बँकेचं नाव बदललं का.

शाखेत कामच होत नसेल तर पोस्टाचा रस्ता चांगला आहे. पोस्ट पेमेंट बँकेचं खातं पोस्टमन अंगठ्यावर उघडून देतो आणि तिथंच आधार सीड होतं. लॉकडाऊनमध्ये आमच्या वस्त्यांवर बँक बंद असताना पोस्टमननंच मशीन घेऊन दारात येऊन पैसे काढून दिले होते. त्यांचे उपकार माझ्या तरी लक्षात आहेत.

आलेले दोन हजार बँकेनं पीककर्जात वळते केले किंवा खात्याला होल्ड लावला, तर तोंडी भांडू नका. ‘ही रक्कम पी.एम. किसानची आहे, ती कुठल्या आदेशानं वळती केली ते लेखी कळवावं आणि होल्ड काढावा’ असा दोन ओळींचा अर्ज द्या. राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरलाही प्रत द्या. बहुतेक वेळा लेखी अर्ज पडल्यावरच होल्ड निघतो.

चौथी पायरी : ई-केवायसी आणि न उमटणारा अंगठा

ई-केवायसी तीन तऱ्हेनं होते. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर पोर्टलवर ओटीपीनं, घरबसल्या. नसेल तर आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात अंगठा देऊन. आणि २०२३ पासून पी.एम. किसानच्या अॅपवर चेहरा दाखवून.

आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या असतात. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. पुन्हा ठेवलं, लाल दिवा. केंद्रवाला म्हणतो, ‘मावशी, जोरात दाबा.’ दाबून काही होत नाही. हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, किंचित तेल किंवा व्हॅसलीन चोळून पाच मिनिटांनी बघा. अंगठा सोडून बाकीची बोटं एकेक करून द्या. दहातलं एखादं लागतं, आणि कुठलं लागलं ते पासबुकावर लिहून ठेवा. तरीही नाही झालं तर चेहऱ्याचा मार्ग. उजेडाकडं तोंड करायचं, डोक्यावरचा पदर कपाळावरून मागं घ्यायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. हा मार्ग आल्यापासून म्हाताऱ्या माणसांचे हाल पुष्कळ कमी झाले. एकाच फोनवरून शेजाऱ्यांचंही करता येतं, म्हणून स्मार्टफोन असलेल्या घरातल्या पोरांना हे शिकवून ठेवा.

आधारला जुना नंबर असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला. आधारच्या चौकशीसाठी १९४७.

पाचवी पायरी : नाव आणि सातबारा

१ डिसेंबर २०१९ पासून पैसे आधारशी जुळलेल्या माहितीवरच सोडायला लागले. त्यामुळे २०२० च्या त्या हप्त्यात नावाच्या घोळापायी पुष्कळ जण राहिले. सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामभाऊ’. सातबाऱ्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. बायकांचं तर माहेरचं नाव एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं.

पोर्टलवरचं नाव चुकलं असेल तर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करायची सोय तिथंच आहे. सातबाऱ्यावरचं लिहिण्यात चुकलं असेल तर तहसीलदाराकडे महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनदुरुस्तीचा अर्ज करायचा. सोबत जुना फेरफार किंवा हस्तलिखित सातबारा जोडला, की काम सोपं होतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी मागतात. एकदाच नीट करून त्याच्या प्रती ठेवा.

लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर हे कागद घ्या : डिजिटल सहीचा सातबारा (महाभूमी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो), आठ-अ, जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून तुमची असल्याचा फेरफार, आधार, बँक पासबुक, आणि पोर्टलच्या त्या पानाची झेरॉक्स. आपल्याकडं योजनेचं काम आता कृषी खात्याकडं आहे, जमिनीच्या नोंदी महसूलकडं. म्हणून तालुका कृषी कार्यालय म्हणतं तहसीलला जा, तहसील म्हणतं कृषीला जा. यावर उपाय एकच : एकाच मजकुराचा अर्ज दोन्ही ठिकाणी, दोन्हींवर आवक शिक्का, आणि प्रत्येकात ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दुसऱ्या ऑफिसचं नाव. गावच्या कृषी सहायकाला, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, आधी भेटा, त्यांच्याकडं बहुतेक वेळा गावाची यादी असते.

नवी नोंदणी करणाऱ्यांनी आधी फार्मर आयडी काढा. शेतकऱ्याचा आधार आणि त्याची जमीन एकमेकांशी जोडणारा तो क्रमांक आहे. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांना तो लागतो. काढताना तुमचे सगळे गट क्रमांक त्यात आले का ते तपासा, वेगळ्या गावातली जमीन राहून जाते.

हे सगळं खटाटोप करण्यासारखं का आहे, तर राज्याची नमो शेतकरी महासन्मान योजनाही याच यादीवर चालते. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. पी.एम. किसान अडलं की तेही अडलं.

कुणी ऐकत नसेल तर

हा क्रम धरा. आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज, पोच घेऊन. पंधरा-वीस दिवस थांबा. मग पोर्टलवरच्या हेल्प डेस्कवर तक्रार, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग ‘आपले सरकार’ किंवा केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर. तिथं मजकूर छोटा ठेवा : नोंदणी क्रमांक, कुठला हप्ता, तीन ओळींची स्थिती, कुठल्या तारखेला कुठल्या ऑफिसात अर्ज दिला. लॉकडाऊनमध्ये काय हाल झाले ते लिहावंसं वाटतं, मलाही वाटतं, पण ते वाचणाऱ्याला तारीख आणि क्रमांकच लागतो.

तरीही नाहीच, तर माहिती अधिकार. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नको. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ‘का दिले नाहीत’ असं विचारू नका, कारण ‘का’चं उत्तर टाळता येतं. असं विचारा : ‘नोंदणी क्रमांक अमुक या लाभार्थ्याच्या एप्रिल ते जुलै २०२० या कालावधीच्या हप्त्याबाबत कार्यालयात असलेल्या नोंदीची प्रत, तसेच माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी.’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मयत खातेदार, आणि वसुलीची नोटीस

आमच्या गटातल्या एका काकूंचे मालक २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. जमीन त्यांच्या नावावर, हप्ता त्यांच्या नावावर. घरात कुणाला काही सुचत नव्हतं आणि त्यांच्या मागं दोन हप्ते खात्यात येऊन पडले. काकूंनी ते एटीएमनं काढले, किराण्याला गेले. पुढं कळलं, की माणूस गेल्यावर त्याच्या नावावर आलेले पैसे परत करावे लागतात.

असं घरात घडलं असेल तर आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, अर्ज करायचा. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही होतो. फेरफार धरला, की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. नवऱ्याचं नाव कमी होऊन बायको आणि मुलांची नावं लागली, की तिनं स्वतःच्या नावानं नवीन नोंदणी करायची. जमीन वारसानं आली आहे, म्हणून १ फेब्रुवारी २०१९ ची अट आड येत नाही. मृत्यूचा दाखला आणि जुना फेरफार दोन्ही जोडा, नाहीतर ‘जमीन २०१९ नंतरची’ म्हणून अर्ज फेटाळतात. काकूंचा पहिला अर्ज तसाच फेटाळला होता.

सासूबाई आणि दीर नावं लावू देत नाहीत असंही होतं. गटातल्या दोघी-तिघी सोबत घेऊन तलाठ्याकडं जा. वारस नोंदीचा अर्ज विधवा एकटीही करू शकते, त्याला बाकीच्यांची सही लागत नाही. हरकत आलीच तर सुनावणी होते, एवढंच.

नोटीस आली असेल, मग ती मयताच्या हप्त्याची असो किंवा इन्कम टॅक्स भरल्यामुळं असो, ती पेटीत ठेवून देऊ नका. नोटिशीत किती हप्ते, कुठल्या तारखांचे, ते पासबुकाशी ताडून बघा. न आलेल्या हप्त्यांचीही मागणी झालेली मी पाहिली आहे. कर्ज मिळावं म्हणून कुणाच्या सांगण्यावरून एखाद्या वर्षी रिटर्न भरला असेल, पण कर शून्य असेल, तर रिटर्नची प्रत लावून लेखी उत्तर द्या. नियम कर भरणाऱ्यांसाठी आहे. पैसे खरंच परत करायचे असतील तर पोर्टलवरच्या रिफंडच्या पर्यायातून किंवा तहसीलमध्ये पावती घेऊन भरा. रोख कुणाच्याही हातात देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

काकूंनी चार हजार दोन वेळा करून भरले, गटातून उचल घेऊन. नवीन नोंदणीला तालुका, जिल्हा, राज्य अशा तीन मंजुऱ्या लागतात, त्यात सात महिने गेले. त्यांचा चेहऱ्याचा केवायसी माझ्याच फोनवर, त्यांच्या ओट्यावर केला. पोर्टलवर तीन ‘यस’ दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आता बँकेत कधी जायचं?’ मी म्हटलं, मेसेज येईल. तो आला तेव्हा त्या कापसात होत्या, संध्याकाळी मला दाखवायला घेऊन आल्या. भरणा पावत्या आणि मृत्यूचा दाखला त्या अजून एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात, सातबाऱ्याच्या खाली.